एनपीएमवर लायब्ररी टाकताना स्कोप (नावाआधी लागणारे गटाचे नाव) हवा की त्याविना मोकळे नाव पुरे?

धागाकर्ता, राजारामपुरी
उद्यमनगरातील कारखान्यांसाठी बिलिंगची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आम्ही काही जणांनी, बिलावरील रक्कम मराठी अक्षरांत मांडणारी एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्राममध्ये जोडता येणारा तयार कोड) तयार केली असून ती एनपीएमवर, म्हणजे असा जावास्क्रिप्ट कोड पॅकेजांच्या रूपात वाटणाऱ्या भांडारावर, खुली करण्याचा विचार आहे. माझ्या मते ती ऑर्गनायझेशनच्या (एनपीएमवरील गटखात्याच्या) स्कोपखाली, म्हणजे @ चिन्ह, गटाचे नाव, तिरकी रेघ आणि मग पॅकेजचे नाव अशा रीतीने जावी. त्या स्कोपमध्ये आपण नेमलेल्या सदस्यांखेरीज कोणालाही काही प्रसिद्ध करता येत नाही, आणि केवळ सार्वजनिक पॅकेजे ठेवणाऱ्या ऑर्गनायझेशनला शुल्कही पडत नाही.

प्रतिसाद १, शाहूपुरी
मला हे पटत नाही. स्कोपमधील नवे पॅकेज एनपीएम मुळात खाजगी धरते आणि खाजगी पॅकेजांना पैसे पडतात. त्यामुळे नवशिक्याने साधी पब्लिश आज्ञा दिली की ४०२ क्रमांकाची त्रुटी येते आणि हे सारे सशुल्कच आहे असे समजून तो नाद सोडतो. शिवाय उद्या गट फुटला किंवा त्याचे नाव बदलले, तर वापरणाऱ्या प्रत्येकाला आपल्या कोडमधील इम्पोर्टच्या (लायब्ररीला नावाने बोलावणाऱ्या) ओळी बदलाव्या लागतील. गटाचे नाव लायब्ररीच्या गळ्यात कशाला?

धागाकर्ता
पहिल्या वेळी आज्ञेला ‘--ॲक्सेस पब्लिक’ जोडले, किंवा पॅकेजची माहिती ठेवणाऱ्या पॅकेज.जेसन फाइलमधील पब्लिशकॉन्फिग या भागात तसे लिहून ठेवले, की ती त्रुटी येत नाही. चुकून कोड जगजाहीर होण्यापेक्षा चुकून अडलेला बरा. मोकळ्या नावांचे भांडण किती दूर जाते हे मार्च २०१६ मध्ये दिसलेच आहे: ‘किक’ या नावाचे पॅकेज एनपीएमने त्याच नावाच्या कंपनीकडे सोपवले, तेव्हा चिडलेल्या लेखकाने आपली सगळी पॅकेजे काढून घेतली आणि त्यांतील अवघ्या ११ ओळींच्या ‘लेफ्ट-पॅड’वाचून असंख्य प्रकल्पांचे बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बांधण्याचे काम, कोसळले.

प्रतिसाद १
बिल्ड कोसळले ते पॅकेज काढता आल्यामुळे. स्कोप असता तरी लेखकाला ते काढता आलेच असते, आणि कंपनीने मग स्कोपच्या नावावर हक्क सांगितला असता. पुढे काढण्याचे नियम कडक झाले, त्याचा उपयोग झाला. स्कोपचा त्यात काय संबंध?

प्रतिसाद २, कसबा बावडा
इतपत आपले म्हणणे मान्य, परंतु २०२१ मध्ये सुरक्षा संशोधक ॲलेक्स बिरसान यांनी दाखवलेला धोका आपण विसरत आहात. मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजांची नावे घेऊन त्यांनी त्याच नावांची पॅकेजे सार्वजनिक रजिस्ट्रीवर (एनपीएमसारख्या पॅकेज-भांडारावर) टाकली, आणि त्या कंपन्यांच्या यंत्रणांनी ती निमूटपणे उतरवून घेतली. स्कोप आपल्या नावे नोंदलेला असेल, तर परक्याला तेथे शिरताच येत नाही.

प्रतिसाद १
ते अंतर्गत कोडपुरते खरे आहे, आणि तेथे स्कोप वापरण्यास माझा विरोध नाही. पण ही लायब्ररी पहिल्या दिवसापासून सर्वांसाठी खुली आहे. स्कोपच घ्यायचा असेल, तर निदान दोघांना मालक करा आणि दोघांचीही द्विस्तरीय पडताळणी चालू ठेवा. एकच मालक नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा जुना ईमेल बंद पडला, तर पुढची आवृत्ती कोण काढणार?