विज्ञानाच्या सरांनी प्रवचन करावे काय?

अनगोळकर: तीस वर्षे विज्ञान शिकवून, पुढे बहुपर्यायी प्रश्नसंच काढून आमचे सर आता खानापूर भागात ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवावर प्रवचने करतात. ज्यांनी मुलांना पुरावा मागायला शिकवले, त्यांनीच आपल्या कामावर बोळा फिरवावा, याचा खेद वाटतो.

खानापूरकर: हे वाचून गप्प बसवले नाही. मीही त्याच वर्गात होतो. ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती उभी करून सरांनी वर ग्लास पालथा घातला. ज्योत विझली, पाणी वर चढले आणि ‘प्राणवायू संपला’ असे आम्ही एका सुरात सांगितले. मग पाणी ज्योत विझल्यावरच झपाट्याने का चढले, असे त्यांनी विचारले. तापलेली हवा निवून आकसली, या उत्तरापर्यंत पोहोचायला आम्हांला दोन तासिका लागल्या. पुढे प्रश्नसंचात ‘प्राणवायू संपला’ हा चुकीचा पर्याय त्यांनी मुद्दाम ठेवला, कारण मूल कुठे फसते हे त्यांना ठाऊक होते. समोरच्याचे म्हणणे आधी नीट मांडून मग खोडायचे, हीच पूर्वपक्षाची रीत आहे. अमृतानुभवातले, अज्ञान मुळी नाहीच असे मांडणारे अज्ञानखंडन प्रकरण न वाचताच बोलायचे असेल, तर प्रश्नच मिटला.

निपाणीची शिक्षिका: तुलना गोड आहे, परंतु चार पर्यायांच्या गोलांत पूर्वपक्ष मावत नाही. कर्नाटकच्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, चुकीला गुण वजा होत नाहीत. डोळे मिटून एका विषयाच्या साठही प्रश्नांचा एकेक गोल रंगवणाऱ्याला सरासरी १५ गुण पडतात. शिवाय नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, आपल्याच राज्याची सीईटी मात्र कन्नड आणि इंग्रजीत. दहावीपर्यंत ‘त्वरण’ घोकलेल्या माझ्या भाचीला पीयूसीतले (अकरावी-बारावीतले) ‘अ‍ॅक्सिलरेशन’ म्हणजे तेच, हे दिवाळीपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

अनगोळकर: प्रत्येक चर्चेची गाडी भाषेवरच आणून उभी करायची, हा आपल्याकडचा रोग आहे.

निपाणीची शिक्षिका: आपली मुले इंग्रजी माध्यमात असतील, म्हणून तो रोग वाटतो.

अनगोळकर: माझ्या मुलांना मध्ये आणण्याचे कारण नाही. त्याच ‘त्वरणा’पायी पीयूसीचे विज्ञान अर्ध्यावर सोडून कलाशाखेत गेलेला मीच आहे. असो. मेणबत्तीपुरते मान्य करतो. पण प्रवचनात कोणी हात वर केला, तर सर थांबतात काय, एवढेच सांगावे.

खानापूरकर: थांबतात. गेल्या एकादशीला एका पोराने विचारले, ‘अज्ञान मुळी नाहीच, तर परीक्षेत नापास कोण होते?’ सरांनी चष्मा काढून ठेवला आणि त्यालाच पुढे बसवून घेतले. आमची खिचडी निवून गोळा झाली.