फ्रीपीबीएक्स: नागपूरचे लँडलाइन कॉल मोबाइलच्या रूटने का जातात?

प्रश्न

आमच्या पुण्याच्या कार्यालयात फ्रीपीबीएक्स (कार्यालयातले फोन जोडणारी एक्सचेंज प्रणाली) असून बाहेर जाणाऱ्या कॉलसाठी दोन ट्रंक (बाहेरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या लाइन) आहेत: लँडलाइनसाठी पीआरआय (एकाच वेळी अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन) आणि मोबाइलसाठी सिमकार्डांचा जीएसएम गेटवे (सिमवरून कॉल पाठवणारे उपकरण). मोबाइलच्या आउटबाउंड रूटमध्ये (कोणता क्रमांक कोणत्या ट्रंकने जाईल हे ठरवणाऱ्या नियमात) ६ ते ९ ने सुरू होणाऱ्या दहा अंकी क्रमांकाचा पॅटर्न (साचा) दिला आहे. काही सहकारी सवयीने आधी शून्य लावतात, म्हणून दुसऱ्या पॅटर्नमध्ये ते शून्य प्रीफिक्सच्या रकान्यात घालून गाळले आहे. मुंबई आणि नाशिकचे कॉल पीआरआयवरून व्यवस्थित जातात. नागपूरच्या शाखेला ०७१२ लावून केलेला कॉल मात्र गेटवेवर जातो आणि क्रमांक चुकीचा असल्याची ध्वनिफीत ऐकू येते. एसटीडीच्या, म्हणजे लँडलाइनच्या, रूटमध्ये ०७१२ चा वेगळा पॅटर्न टाकूनही फरक पडलेला नाही. काय राहून गेले असावे?

प्रतिसाद १

आपल्याकडे एसटीडी कोड आणि स्थानिक क्रमांक मिळून दहाच अंक होतात, त्यामुळे शून्य लावलेला नागपूरचा क्रमांक आणि शून्य लावलेला मोबाइल यांची लांबी सारखीच, अकरा अंकांची, असते. मुंबईचा ०२२ आणि नाशिकचा ०२५३ यांत शून्यानंतर २ येतो, म्हणून ते सुटले. ०७१२ मध्ये ७ येतो आणि तो तुमच्या दुसऱ्या पॅटर्नमध्ये अलगद बसतो. बंगळूरचा ०८०, अहमदाबादचा ०७९ आणि पणजीचा ०८३२ लावून पाहा, तेही असेच भरकटतील.

वेगळा पॅटर्न टाकूनही उपयोग झाला नाही, याचे कारण रूटच्या क्रमात आहे. एकाच रूटमधल्या पॅटर्नपैकी जास्त नेमका असेल तो निवडला जातो, पण दोन वेगळ्या रूटमध्ये अशी तुलना होतच नाही. यादीत वर असलेल्या रूटमध्ये क्रमांक बसला की खालचे रूट तपासले जात नाहीत. तेव्हा लँडलाइनचा रूट मोबाइलच्या वर ओढून घ्या आणि ‘अप्लाय कॉन्फिग’ करा. मात्र वर नेलेल्या रूटमध्ये ‘शून्य आणि पुढे काहीही’ असा सैल पॅटर्न असेल, तर शून्य लावलेले सगळे मोबाइल कॉल पीआरआयवर जातील. शाखेचे क्रमांक २ ने सुरू होत असल्यास ०७१२२ आणि पुढे सहा वेळा एक्स (एक्स म्हणजे कोणताही एक अंक), इतका नेमका पॅटर्न द्यावा.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी सहमत आहे. मोबाइलच्या रूटमध्ये गेटवेनंतर दुसरा ट्रंक म्हणून पीआरआय ठेवला असेल, तर आणखी एक अडचण येईल. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला शून्य लावणे बंधनकारक आहे, तर सिमवरून दहा अंक पुरतात. म्हणजे एकच क्रमांक दोन ट्रंकना दोन प्रकारे द्यावा लागतो. हे काम रूटमध्ये करू नये. रूटमधून सर्वत्र दहा अंक पुढे पाठवावेत आणि शून्य जोडण्याचा नियम पीआरआय ट्रंकच्या ‘डायल्ड नंबर मॅनिप्युलेशन रूल्स’मध्ये लिहावा. ‘गेटवे भरला की पीआरआय’ ही सोय ट्रंक उपलब्ध नसताना किंवा त्यावर जागा नसतानाच चालते. समोरचा फोन नुसता उचलला गेला नाही, तर कॉल दुसऱ्या ट्रंकवर जात नाही, आणि ते योग्यच आहे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. लँडलाइनचा रूट वर घेतल्यावर नागपूरचा कॉल पीआरआयवरून लागला. ०८० आणि ०७९ खरोखरच गेटवेवर जात होते, त्यांचेही पॅटर्न टाकले आहेत. आता ११२ साठी वेगळा रूट करण्याचा विचार आहे.

प्रतिसाद १

तो करताना ‘इमर्जन्सी’ची खूण लावून रूट यादीत सर्वांत वर ठेवा. त्याआधी तुमची एक्स्टेंशन (कार्यालयातल्या फोनचे आतले क्रमांक) तपासा. १०० पासून क्रमांक देण्याची पद्धत सर्रास आहे, पण कोणाच्या टेबलावर १०१ किंवा १०८ एक्स्टेंशन असेल, तर अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिकेसाठी फिरवलेला फोन त्या टेबलावरच वाजेल, कारण आतले क्रमांक आउटबाउंड रूटच्या आधी पाहिले जातात. एक्स्टेंशन २०१ पासून पुढे द्यावीत.