दहशतवादी संघटना शेवटी संपतात कशा?

रातकिडा:
कुठेही मोठा हल्ला झाला की दोन दिवसांत सगळी चर्चा दोन गटांत वाटली जाते, एक म्हणतो घुसून मारा, दुसरा म्हणतो मूळ प्रश्न सोडवा, आणि दोघंही आपापलं बोलून झोपायला जातात. मला जरा वेगळं विचारायचंय. आजवर ज्या संघटना खरोखर संपल्या त्या कशाने संपल्या? श्रीलंकेचं उदाहरण तर कायम तोंडावर फेकलं जातं, की बघा, २००९ मध्ये प्रभाकरनला मारलं आणि विषय मिटला. मग तोच न्याय अफगाणिस्तानात का नाही लागला? तिथे अमेरिकेचं सैन्य २००१ पासून वीस वर्षं बसून होतं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये परत. म्हणजे बळाने काम होतं की नाही होत? कुठे होतं आणि कुठे नाही याला काही हिशेब आहे का? पक्षांची धुणी कृपया इथे धुऊ नका.

उंटावरचा शहाणा:
हिशेब आहे आणि तो बऱ्याच जणांना आवडत नाही. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेने २००८ मध्ये एक अभ्यास काढला होता, १९६८ ते २००६ या काळातल्या ६४८ दहशतवादी संघटनांचा. फुटून दुसऱ्या नावाने चालू राहिलेल्या वगळल्या तर २६८ संपल्या होत्या. त्यातल्या ४३ टक्के राजकारणात येऊन संपल्या, ४० टक्के पोलीस आणि गुप्तचरांनी मोडल्या, आणि लष्करी कारवाईने संपलेल्या फक्त ७ टक्के. उरलेल्या १० टक्के चक्क जिंकून संपल्या, हे आपण सोयीस्कर विसरतो.

आता एलटीटीई, म्हणजे प्रभाकरनची तमिळ वाघांची संघटना. ती त्या ७ टक्क्यांत का बसली तर ती नावाला गनिमी संघटना होती, प्रत्यक्षात तिच्याकडे स्वतःचा प्रदेश होता, नौदल होतं, छोटी विमानं होती, कोर्ट-पोलीस सगळं होतं, म्हणजे जिथे रणगाडा नेऊन उभा करता येईल अशी जागा होती. त्यात २००४ मध्ये त्यांचा पूर्वेकडचा सेनापती करुणा फुटून बाहेर पडला, २००६ मध्ये कॅनडा आणि युरोपियन युनियनने बंदी घालून पैशाची वाट अरुंद केली, त्यानंतर श्रीलंकन नौदलाने दूर समुद्रात जाऊन त्यांची शस्त्रं आणणारी जहाजं बुडवली. शेवटचा घाव २००९ चा, पण झाड आधीच पोखरलं होतं. आणि किंमत? शेवटच्या काही महिन्यांत ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असू शकतात असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने म्हटलं. ज्यांना हे मॉडेल हवंय त्यांनी हा आकडा सोबतच उचलावा, अर्धं मॉडेल मिळत नाही.

थोडक्यात, संघटना जितकी सैन्यासारखी, तितका सैन्याचा उपयोग. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसलेल्या पाच जणांवर तोफ डागून काय करणार?

कोपऱ्यातला बाक:
फ्लॅटवरून पेरूची केस आठवली. शायनिंग पाथ नावाची माओवादी संघटना, प्रमुख अबिमाएल गुझमान, आधी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. १९८० पासून डोंगरातल्या खेड्यांत कत्तली, शहरात कारबॉम्ब. सरकारने सैन्य पाठवलं, सैन्याने अकोमार्कासारख्या ठिकाणी गावकऱ्यांनाच मारलं, गावकरी दोन्हीकडून भरडले गेले आणि संघटना वाढतच राहिली. पुढे सत्यशोधन आयोगाने सगळ्या संघर्षातले बळी ६९ हजारांच्या आसपास धरले, त्यातले निम्म्याहून जास्त शायनिंग पाथने मारलेले आणि बरेचसे सरकारी फौजांनी मारलेले.

मोडली कोणी? १९९० मध्ये लिमा शहरात पोलिसांची एक छोटीशी तुकडी बनवली होती, तिने. यांनी कुणाला चटकन पकडायचंच नाही असं ठरवलं. संशयिताच्या मागे राहायचं, तो कुणाला भेटतो ते बघायचं, मग त्याच्या मागे, असं महिनोन् महिने. शेवटी एका नृत्यशाळेवर नजर गेली. खाली बॅलेचा क्लास, वर राहायची जागा. पोलीस तिथला कचरा उचलून नेऊन तपासायचे. सोरायसिसच्या औषधाच्या रिकाम्या ट्यूब निघाल्या, गुझमानला तो त्वचारोग होता हे माहीत होतं. सिगारेटची थोटकं निघाली, तीही तो ओढायचा त्याच ब्रँडची. १२ सप्टेंबर १९९२ ला आत शिरले आणि हा माणूस जिवंत हाती लागला, सोबत संघटनेची कागदपत्रंही. त्यानंतर काही वर्षांत संघटना जवळपास खलास. तो २०२१ मध्ये तुरुंगातच मेला.

एक मात्र सांगतो, म्होरक्या गेला की सगळं कोसळतं असं नाही. इथे सगळी भक्ती एका माणसाभोवती होती म्हणून चाललं, आणि तो जिवंत पकडला म्हणूनही, कारण काही दिवसांनी कैद्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यात पिंजऱ्यात उभा केलेला नेता टीव्हीवर दिसला की त्याचा हुतात्मा होत नाही. इराकमध्ये अल-कायदाच्या तिथल्या शाखेचा म्होरक्या झरकावी जून २००६ मध्ये मारला गेला आणि त्याच्याच संघटनेतून पुढे इसिस उभी राहिली.

अर्धवटराव:
सगळं वाचायला छान वाटतं हो, कचरा तपासा, महिनोन् महिने मागे फिरा. पण त्या महिन्यांत जे बॉम्ब फुटतात त्याचं काय? पेरूत तुकडी वाट बघत होती तेव्हा लिमात माणसं मरतच होती ना? १९८४ मध्ये ब्रायटनच्या हॉटेलात ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाई थोडक्यात वाचल्या तेव्हा उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडू पाहणाऱ्या आयआरएने जाहीरच केलं होतं की आम्हाला एकदाच नशीब लागतं, तुम्हाला रोज लागेल. सरकारला रोज जिंकावं लागतं मित्रांनो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, सगळ्यांचे फोन, मेसेज, बँक, प्रवास, सगळा डेटा एका ठिकाणी घ्या आणि कॉम्प्युटरला शोधू द्या. ज्याने काही केलं नाही त्याला कशाची भीती? ९/११ च्या आधी हाच डेटा असता तर टॉवर उभे असते.

शेवंती:
अर्धवटराव, तुमचा राग समजतो, पण ९/११ चं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. हाझमी आणि मिहधार हे दोघं अपहरणकर्ते सीआयएला जानेवारी २००० पासून माहीत होते, अल-कायदाच्या क्वालालंपूरच्या बैठकीमुळे. ते अमेरिकेत येऊन सॅन दिएगोत खऱ्या नावाने राहिले आणि वॉचलिस्टवर त्यांची नावं चढली कधी, तर ऑगस्ट २००१ च्या शेवटी. माहिती होती, ती एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेली नाही, कारण प्रत्येक खात्याला आपली माहिती म्हणजे आपली इस्टेट वाटते. कपाट आणखी मोठं केलं असतं तर काय झालं असतं?

आणि कॉम्प्युटरला शोधू द्या म्हणता तर साधं गणित करू. समजा १० कोटी लोक आहेत, त्यात खरे दहशतवादी १ हजार, आणि तुमची सिस्टिम ९९ टक्के अचूक आहे, जी प्रत्यक्षात कधीच नसते. ती ९९० जणांना बरोबर पकडेल. पण बाकीच्यांतल्या एक टक्क्यालाही ती चुकून संशयित ठरवेल, म्हणजे जवळजवळ १० लाख निरपराध माणसं. हजार जणांच्या दाराशी पोलीस गेले तर त्यातला एक खरा. एवढी माणसं तपासायला पोलीस कुठून आणायचे, आणि उरलेल्या ९९९ घरांत काय वाटेल? पुढच्या वेळी खरी खबर द्यायला त्यातलं कोण येईल?

ही नुसती कल्पना नाही. उत्तर आयर्लंडमध्ये ऑगस्ट १९७१ मध्ये ब्रिटिशांनी खटल्याशिवाय लोक उचलायला सुरुवात केली, पहिल्याच दिवशी तीनशेच्या वर. याद्या जुन्या, भलतीच माणसं उचलली, जवळजवळ सगळी एकाच, कॅथलिक समाजातली, आणि शंभराहून जास्त जणांना दोन दिवसांत सोडावं लागलं. मग जानेवारी १९७२ मध्ये डेरीत मोर्चावर सैनिकांनी गोळीबार केला. त्यानंतर आयआरएला भरती करायला जाहिरात लागली नाही, आणि १९७२ हे त्या संघर्षातलं सगळ्यात रक्तरंजित वर्ष ठरलं. स्पेनमध्येही तेच, ऐंशीच्या दशकात सरकारी माणसांनीच गुपचूप मारेकरी टोळ्या पोसल्या, पुढे त्या वेळच्या गृहमंत्र्याला शिक्षा झाली आणि स्वतंत्र बास्क देशासाठी लढणाऱ्या ईटीएला मात्र वर्षानुवर्षं सांगायला गोष्ट मिळाली.

रातकिडा:
शेवंतीताई, गणित पटलं. पण मग आतली खबर मिळवायची कशी? आतला माणूस फुटल्याशिवाय तर काही कळत नाही.

शेवंती:
इटलीने ते फार थंड डोक्याने केलं. रेड ब्रिगेड्स या अतिडाव्या संघटनेने १९७८ मध्ये माजी पंतप्रधान आल्दो मोरोंना पळवून ठार मारलं होतं, देश हादरलेला, तरी त्यांनी १९८० मध्ये कायदा केला की जो साथीदारांची माहिती देईल त्याची शिक्षा कमी. ब्रिगेडचा पात्रिझिओ पेची त्याच वर्षी पकडला गेला आणि बोलला, त्यावरून पकडापकडीची रांगच लागली. ब्रिगेडने सूड म्हणून १९८१ मध्ये त्याच्या भावाला पळवून मारलं, पण गळती थांबली नाही. खुनात सामील असलेल्याला सवलत देणं हे मेलेल्यांच्या घरच्यांना कसं वाटत असेल, हा प्रश्न मात्र तसाच राहतो, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नाही.

उंटावरचा शहाणा:
पैशाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून टाकतो. एफएटीएफ ही आंतरराष्ट्रीय संस्था १९८९ मध्ये काळ्या पैशासाठी निघाली, २००१ नंतर दहशतवादाचा पैसाही तिच्याकडे आला. तिने ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे नजरेखालच्या देशांच्या यादीत टाकलं की त्या देशाशी व्यवहार करताना बाहेरच्या बँका हात आखडतात, पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ त्यात होता आणि त्या काळात कायदे, खटले, जप्त्या अशी बरीच हालचाल करावी लागली. पण याचीही मर्यादा आहे. ९/११ चा सगळा खर्च चार ते पाच लाख डॉलर्स, असं अमेरिकेच्याच आयोगाने काढलं. २०१६ मध्ये नीसला ८६ माणसं मेली तिथे हत्यार म्हणजे भाड्याचा ट्रक. पैसा अडवला की प्रशिक्षण, पगार, शस्त्रसाठा अडतो, म्हणजे संघटना अडते. एकटा माणूस आणि ट्रक त्याने अडत नाही.

आणि सगळ्या देशांनी मिळून करायचं म्हणाल तर भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत दहशतवादविरोधी सर्वसमावेशक कराराचा मसुदा मांडला, तो अजून दहशतवाद कशाला म्हणायचं या व्याख्येवरच अडकलाय.

अर्धवटराव:
बरं, गणित मान्य. पण तुमचे ते ४३ टक्के चर्चेवाले मला पटत नाहीत. आयआरएला काहीतरी ठरावीक हवं होतं, म्हणून १९९८ चा शांतता करार झाला, तरीही चार महिन्यांत उत्तर आयर्लंडमधल्या ओमा गावात फुटीर गटाने २९ माणसं मारलीच. ज्यांना अख्ख्या जगावर आपलं राज्य हवंय त्यांच्याशी टेबलावर बसून काय देणार? अर्धं जग?

उंटावरचा शहाणा:
या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने. त्याच अभ्यासात सगळ्या मिळून ६२ टक्के संघटना संपल्या किंवा फुटल्या, पण धार्मिक ध्येयवाल्यांपैकी फक्त ३२ टक्के. त्या जास्त टिकतात. मात्र त्यातली एकही या काळात जिंकलेली नव्हती हेही तिथेच आहे.

कोपऱ्यातला बाक:
तालिबानने २०२१ मध्ये ती रेघ पुसली म्हणायची.

आणि जिथे सैन्याने मैदान मारलं तिथलं पुढचं बघा. मार्च २०१९ मध्ये सीरियातलं बागूझ पडलं, इसिसची जमीन संपली. सीरियातल्या अल-होल छावणीत तेव्हा ७० हजारांच्या आसपास माणसं जमा झाली, बहुतेक बायका आणि लहान मुलं. परदेशी मुलांना त्यांचे बरेचसे देश परत घ्यायला तयार नव्हते, ब्रिटनने तर शाळकरी वयात इसिसकडे गेलेल्या शमीमा बेगमचं नागरिकत्वच काढून घेतलं. पाच वर्षांचा पोरगा तंबूत, शाळा नाही, कागद नाहीत, आजूबाजूला इसिसचे धडे देणाऱ्या बायका. त्याच्यावर खटला भरता येत नव्हता आणि त्याला घरी न्यायची फारशी कुणाची तयारी नव्हती. मार्च २०२४ मध्ये मॉस्कोच्या सभागृहात हल्ला झाला त्याची जबाबदारी इसिसनेच घेतली, म्हणजे जमीन जाऊन पाच वर्षं झाल्यावर. रातकिडा, तुमच्या यादीत ही संघटना संपलेल्यांत धरायची का चालू?

रातकिडा:
चालू.