लेकरांना घेऊन लेणी बघायला गेलात? अनुभव सांगा

सुट्टी तोंडावर आलीय. घरात सात आणि साडेतीन वर्षांची दोन वादळं आहेत. यंदा त्यांना लेणी दाखवायचीत. सोलापूरहून कुठं गेलात, काय फसलं, सगळं लिहा. नुसतं गोडगोड नको.

जुळे सोलापूरची आई
डोळे झाकून धाराशिव करा. तुळजापूरला दर्शन घ्यायचं आणि पुढं निघायचं. धाराशिव गावापासून आठेक किलोमीटरवर बालाघाटच्या डोंगरात लेणी आहेत. दुसऱ्या क्रमांकाचं सगळ्यात मोठं: खांबांचं दालन आणि भोवतीनं अंधाऱ्या खोल्या. मी नवऱ्याला वाकाटक राजे, अजिंठ्याशी साम्य वगैरे ऐकवत होते, तेवढ्यात धाकटी गायब! हाका मारून घसा बसला. बाई एका खोलीत भिंतीला पाठ लावून बसलेल्या. म्हणते, "ही माझी खोली. चपला बाहेर काढ." काढल्या, करता काय! मग थोरल्यानं शेजारची खोली धरली आणि पाऊण तास दोघांचं एकमेकांकडे पाहुणे म्हणून जाणं-येणं चाललं. गाभाऱ्यातल्या पार्श्वनाथांकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. वटवाघळांचा वास येतो, पोरांना आधीच सांगून ठेवा. खाणं-पाणी घरूनच न्या.

होटगी रोडवरून
आम्ही बदामीला गेलो, विजापूरमार्गे. मुक्काम ठेवा, एका दिवसात पोरं पेंगतात. पायऱ्या उंच आहेत, आमची चार वर्षांची निम्म्या पायऱ्या माझ्या खांद्यावरच चढली. पण पहिल्या लेण्यातल्या नटराजासमोर अशी रमली की बस. अठरा हात आहेत त्याला. दर वेळी मोजून सतराच भरायचे, मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तिथं आलेल्या दोन अनोळखी आज्याही मोजायला लागल्या, कन्नडमध्ये! तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा शिलालेख आहे, तो मी एकट्यानंच बघितला.
आणि माकडं! कडक भाकरी आणि शेंगा चटणीची पिशवी हातातून गेली. चटणी खाऊन माकडानं जे तोंड केलं, ते लेकीला अजून करून दाखवता येतं.

आजोबा, नातवासह
वेरूळ मंगळवारी बंद असतं. अजिंठा सोमवारी. मी उलटं लक्षात ठेवलं होतं, त्यामुळं मंगळवारी सकाळी फाटकाशी उभे. सुनेनं काही म्हटलं नाही, तेच जास्त लागलं.
दुसऱ्या दिवशी कैलास बघितलं. नातू म्हणाला, "वरून खाली कसं बांधलं? आपलं घर तर खालून बांधलं." रात्री लॉजवर साबणाच्या वडीवर चमच्यानं कोरून दाखवलं, आधी कळस, मग खाली. खांब कोरताना वडी मोडली. नातू म्हणाला, "त्यांची मोडली असती तर?" मला उत्तर आलं नाही.

विजापूर वेसकर
अजिंठ्याला बाबागाडी नेऊ नका, पायऱ्यांवर तीच उचलावी लागते. २६ व्या लेण्यात आडवी पहुडलेली बुद्धांची प्रचंड मूर्ती बघून आमचं पोरगं म्हणालं, "ह्यांना चादर का नाही?" सोलापूरचंच ते.

धागा काढणारी
ठरलं, धाराशिव. टॉर्च एक पुरेल ना?

जुळे सोलापूरची आई
दोन घ्या ताई. एकीवरून आमच्याकडं अजून भांडणं चालू आहेत.