एक्स्ट्रॅक्टर नवा, पण चेंबर बघितलंत का?

वर तुम्ही लिहिलंय की एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) नवा बसवूनही बारा बोअरच्या बंदुकीतली उडालेली काडतुसं अडकतातच. मला दोष चेंबरचा, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेचा वाटतो. बार उडाला की काडतुसाचं बूड फुगून चेंबरच्या भिंतीला टेकतं. पितळ लगेच आकसतं, पण स्वस्त काडतुसांचं पोलादी बूड तितकं आकसत नाही. त्यात चेंबर खरखरीत असेल तर झालंच. आधी पितळी बुडाची चार-पाच वापरून बघा.

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळी काढा आणि उजेडाकडे धरा. करडा थर दिसला तर ते वितळलेलं प्लॅस्टिक आणि काजळी. नुसत्या चिंधीने तो निघत नाही. सॉल्व्हंट (मळ विरघळवणारं द्रावण) लावून थोडं मुरू द्या, मग चेंबरचा ब्राँझ ब्रश गोल फिरवा. शेवटी अगदी कोरडं पुसा.

आणि कृपा करून अडकलेलं काडतूस स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, चेंबरच्या काठावर ओरखडा पडला की दुखणं कायमचं. उडालेलंच आहे हे पक्कं असेल तरच नळीच्या तोंडातून लाकडी दांडी घालून हलकेच ढकला. टोपीवर (बुडाच्या मधोमध पिन आदळते तो भाग) पिनची खूण दिसली म्हणून उडालं असं धरू नका, न उडालेल्या काडतुसावरही ती असते.