भावाचं अमेरिकेत पोलीस ट्रेनिंग, पेपर स्प्रे आणि टेझर अंगावर घ्यायचाय, पाठीचं जुनं दुखणं लपवलंय, काय करू?

वर्तकनगरची_लेक

नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण वाचा प्लीज. माझा धाकटा भाऊ टेक्सासला असतो, वहिनी तिकडेच जन्मलेली मराठी मुलगी त्यामुळे त्याला सिटिझनशिप मिळाली, आणि गेल्या वर्षी चांगली आयटीतली नोकरी सोडून तो तिथल्या एका शहराच्या पोलीस अकॅडमीत गेला. आमचे बाबा ठाणे पोलिसात हवालदार होते, आम्ही दोघं वर्तकनगरच्या पोलीस लाईनीत वाढलो, तेव्हा हे त्याच्या डोक्यात कुठून आलं ते आम्हाला समजतं, त्याबद्दल तक्रार नाही.

आता पुढच्या आठवड्यात त्यांचा तो दिवस आहे, म्हणजे पहिल्या दिवशी पेपर स्प्रे स्वतःच्या तोंडावर मारून घ्यायचा आणि दोन दिवसांनी टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं पोलिसांचं हत्यार, स्वतःच्या पाठीत. त्याने फॅमिली ग्रुपवर आधीच्या बॅचचा व्हिडिओ टाकला, एक धडधाकट पोरगा पाच सेकंदात ओंडक्यासारखा कडक झाला आणि ओरडला, आईने तो बघितला आणि तेव्हापासून तिला झोप नाही. 50 हजार व्होल्ट 50 हजार व्होल्ट हेच चालू आहे तिचं.

मला वेगळीच काळजी आहे. इंजिनीअरिंगला असताना घोडबंदर रोडवर त्याची बाईक स्लिप झाली होती, कमरेच्या मणक्याची गादी सरकलेली, महिनाभर झोपून होता, आणि नंतरही दोनदा तीनदा पाठ धरली होती. हे त्याने अकॅडमीत सांगितलेलं नाही. वहिनीलासुद्धा अर्धवटच माहीत आहे. मला म्हणाला ताई आता बोललो तर घरी बसवतील.

दुसरं, घरात तीन वर्षांची भाची आहे, तिला बाळदमा आहे. बाबा एकदा बंदोबस्तावरून अश्रुधुराच्या गॅसमध्ये सापडून घरी आलेले, आईने त्यांचा युनिफॉर्म आमच्या शाळेच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवला आणि दुसऱ्या दिवशी मी आणि भाऊ वर्गात डोळे चोळत बसलो होतो. ते मला अजून आठवतं. त्यामुळे विचारतेय, ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी सांगा. आणि पाठीचं मी परस्पर वहिनीला सांगावं का?

ऐरोलीचा_टेक्सासकर

ताई, मी मूळचा ऐरोली सेक्टर 8 चा, आता ह्यूस्टनजवळ असतो. माझी बायको इकडच्या जेलमध्ये डिटेन्शन ऑफिसर आहे, तिने दोन्ही घेतलंय, त्यामुळे बघितलेलं सांगतो.

पेपर स्प्रे तिला कंपल्सरी होता. डोळे मिटून उभं करतात, कपाळावरून डोळ्यांच्या रेषेत एक पट्टा मारतात, मग डोळे उघडायला लावतात आणि तसंच आंधळ्यासारखं पुढे जाऊन पॅडवर गुद्दे मारायचे, कुणी बंदूक हिसकायला आलं तर ती धरून ठेवायची, एकाला बेड्या घालायच्या, रेडिओवर आपण कुठे आहोत ते सांगायचं. म्हणजे नुसती सहनशक्ती बघत नाहीत, वाऱ्याने स्प्रे उलटा आपल्याच तोंडावर आला तरी घाबरून हातातलं सोडायचं नाही हे अंगात भिनवायचं असतं. ते करताना माणूस कामात असतो, खरा त्रास नंतर सुरू होतो. पाऊण तास ती पंख्यासमोर बसून होती आणि मला सांगत होती की इतकी आग बाळंतपणातही झाली नव्हती.

टेझर मात्र तिच्याकडे ऑप्शनल होता, आणि बऱ्याच ठिकाणी तसाच असतो, भावाला हे नीट विचारायला सांगा. घेणाऱ्याकडून आधी फॉर्मवर सही घेतात, त्यात धोके लिहिलेले असतात, मणक्याच्या इजेचासुद्धा, तो फॉर्म त्याने वहिनीबरोबर बसून वाचावा. दोन्ही बाजूंनी दोघं दंड धरतात, खाली मॅट असते, तोंडावर पडू देत नाहीत. पाच सेकंद. संपलं की माणूस उठून उभा राहतो, विश्वास बसत नाही इतक्या लवकर. पाठीवर बारीक दोन डाग आणि दोन दिवस अंग असं दुखलं की केस विंचरायला हात वर जात नव्हता.

आणि एक सांगतो, मी तिथे बघायला गेलो नव्हतो, व्हिडिओ नंतर बघितला आणि मला फार राग आला, कुणावर ते कळेना. ती म्हणाली तू राग नको धरू, मी आता हे कुणावर वापरायच्या आधी दोनदा विचार करीन. ते ऐकून मी गप्प झालो.

कळवा_कारशेड

आईंना व्होल्टचं मी सांगतो, आमचं कामच ते आहे. लोकलच्या वर जी ओव्हरहेड वायर आहे ती 25 हजार व्होल्टची, तिच्याजवळ गेलं तरी माणूस वाचत नाही, आणि हे तर त्याच्या दुप्पट, असं वाटणं साहजिक आहे. पण मारतो तो करंट, आणि तो किती वेळ वाहतो ते. ओव्हरहेडच्या मागे अख्खं सबस्टेशन उभं असतं, टेझरमध्ये हातात मावणारी बॅटरी. तो 50 हजारचा आकडा हवेतल्या फटीतून ठिणगी उडवण्यापुरता, अंगात गेल्यावर व्होल्टेज एकदम खाली येतं, आणि करंट सलग नसून सेकंदाला साधारण 19-20 बारीक ठोके असा जातो, सरासरी काढली तर दोनेक मिलीअँपिअर. टेझरमधून दोन बारीक हुक वायरीसकट उडतात, अंगात रुततात आणि त्या दोन हुकांमधले स्नायू एकदम आखडतात. साधी स्टनगन अंगाला टेकवून वापरतात, तिने नुसतं दुखतं, शरीर असं लॉक होत नाही. लोक दोन्हीला एकच समजतात म्हणून सांगितलं.

पण म्हणून धोका नाही असं नाही हां. 2007 मध्ये कॅनडात व्हँकुव्हर एअरपोर्टवर एका पोलिश प्रवाशाला पोलिसांनी पुन्हा पुन्हा टेझर मारला आणि तो माणूस गेला, त्यावर मोठी चौकशी बसली होती. एकदा पाच सेकंद, मॅटवर, धरायला दोन माणसं, बाजूला मेडिकलवाला, हे वेगळं. आईंना हा फरक समजावा.

जय_घणसोली

ताई माझं मत विचाराल तर पाठीचं काही बोलू नका. इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट, भरतीचं मेडिकल पास झालाय, धावतोय, पुशअप मारतोय. एकदा कागदावर आलं की करिअर संपलं. माझ्या चुलतभावाचं इकडे भरतीत असंच झालं, खरं बोलला आणि घरी आला. पाच सेकंदासाठी कशाला.

निवृत्त_फौजदार

जय, तुझ्या भावाचं वाईट वाटलं, पण हा सल्ला देऊ नकोस बाळा. मी 33 वर्षं नोकरी केली, आधी ठाण्यात, 1994 ला नवी मुंबई आयुक्तालय वेगळं झालं तेव्हापासून कळंबोली मुख्यालय आणि वेगवेगळी पोलीस ठाणी. शुगर लपवणारे, बीपी लपवणारे, छातीत दुखतंय तरी बंदोबस्ताला उभे राहणारे खूप बघितले, आणि त्यातल्या दोघांच्या घरी निरोप घेऊन मला जावं लागलं. दोघांच्याही बायका एकच म्हणाल्या, आम्हाला माहीत होतं पण हे बोलू देत नव्हते.

लेकी, टेझरमध्ये वीज मणका मोडत नाही. आपलेच स्नायू इतक्या जोराने आवळतात की मणक्यावर दाब येतो. अॅरिझोनात मॅरिकोपा काउंटीच्या एका डेप्युटीला 2002 मध्ये नेमकं असंच ट्रेनिंगमध्ये शॉक घेताना मणक्याला फ्रॅक्चर झालं होतं, त्याने कंपनीवर कोर्टात केस केली आणि ती हरला. ज्याच्या पाठीची गादी आधीच सरकलेली आहे त्याने हे लपवून टेझर अंगावर घ्यायचा नाही. आणि उद्या काही झालंच तर "तुम्ही आधीचं दुखणं सांगितलं नव्हतं" हे पहिलं वाक्य येईल, मग नुकसानभरपाई नाही, नोकरी पण नाही.

माझ्या मते तू वहिनीला परस्पर सांगू नकोस. भावाला फोन कर आणि सांग की तू आधी वहिनीला सांग, मग इन्स्ट्रक्टरला. दोन दिवसांची मुदत दे. त्याने नाही सांगितलं तर मग तू सांग, तेव्हा संकोच करू नकोस.

स्प्रेबद्दल एवढंच, आमच्या ट्रेनिंगला बंद खोलीत अश्रुधूर सोडून मास्क काढायला लावायचे, नाव आणि नंबर सांगितला की बाहेर. आमचा गॅस म्हणजे बारीक पावडर, कपड्यात बसते आणि झटकली की परत उडते, तुमच्या बादलीत तेच झालं. पेपर स्प्रे तेलकट असतो, तो चिकटतो. पुढे 2016 ला काश्मीरसाठी पेलेट गनला पर्याय म्हणून पावा शेल काढले, तेही मिरचीच्या तिखटाच्याच जातीचं रसायन.

वाशीची_सिस्टर

मी वाशीला डोळ्यांच्या ओपीडीत आहे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये डंकावर मसाला कुटायला जाणाऱ्या बायका येतात, डोळे लाल, हाताची आग, तेव्हा मिरचीचं हे रोजचंच आहे आम्हाला. स्प्रेमध्ये तोच अर्क असतो, फक्त कितीतरी पट कडक.

पापण्या आपोआप मिटतात, ते जाणारं असतं, घाबरायचं नाही. पण चोळायचं अजिबात नाही. बुबुळावर ओरखडे पडतात ते चोळण्याने. भावाला लेन्स असेल तर त्या दिवशी चष्मा, लेन्सच्या खाली अडकलेलं निघत नाही. चेहऱ्यावर तेल, क्रीम, व्हॅसलीन काही लावायचं नाही, आग थांबेल म्हणून लोक लावतात आणि तिखट आतच दाबून ठेवतात. दूध ओता, हे ओता असं खूप ऐकाल, पण अमेरिकेतच 2008 मध्ये 49 जणांवर ट्रायल झाली होती, त्यात दूध, बेबी शाम्पू, अँटासिड, सुन्न करणारं जेल आणि साधं पाणी सगळं लावून बघितलं आणि दुखणं कमी व्हायला कशानेच खास फरक पडला नाही, वेळ जाऊ देणं हाच उपाय निघाला. तरी भरपूर गार पाणी आणि सौम्य शाम्पू वापरावा, कारण ते तेल अंगावरून निघायला हवं ना.

आता महत्त्वाचं, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ नाही. तिखट आणि भाजणं दोन्ही आपल्या अंगातल्या एकाच रिसेप्टरवर लागतं, तो साधारण 43 डिग्रीच्या वर उष्णता पण ओळखतो, त्या शोधासाठी 2021 चं नोबेल मिळालं होतं डेव्हिड ज्युलियस यांना. म्हणून सगळं शांत झालंय असं वाटतं, माणूस गरम शॉवरखाली उभा राहतो आणि पहिल्यापेक्षा जास्त पेटतं, शिवाय केसांतलं पाणी डोळ्यात आणि खाली अंगभर उतरतं. डोकं पुढे वाकवून केस आधी वेगळे धुवायचे, मग बाकीचं अंग. बाथरूमला जायच्या आधी हात साबणाने दोनदा, हे पुरुषांना मुद्दाम सांगावं लागतं.

भाचीला बाळदमा आहे तर कपडे अकॅडमीतच बदलून पिशवीत गाठ मारून आणायचे, घरात उघडायचेच नाहीत. वेगळे धुवायचे, दोनदा. गाडीच्या सीटवर जुना टॉवेल, आणि भाचीची कारसीट त्या दिवशी त्या गाडीत नको. त्या रात्री उशीचा अभ्रा वेगळा. मुलगी बाबा म्हणून धावत येणारच, तर आंघोळीआधी वहिनीने तिला दुसऱ्या खोलीत ठेवावं, आणि तिचा पंप हाताशी असू द्यावा.

ऐरोलीचा_टेक्सासकर

सिस्टर म्हणतात ते शॉवरचं अगदी खरंय, बायको त्या रात्री शॉवरमधून किंचाळली होती, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. फौजदार काकांनाही अनुमोदन. ताई, तिकडे टेझर न घेता ट्रेनिंग पूर्ण केलेले तिच्या बॅचमध्ये दोघं होते, एकाला गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दोघं आज ड्युटीवर आहेत. वापरायचं शिक्षण सगळ्यांना घ्यावंच लागतं, ते जास्त महत्त्वाचं. 2021 च्या एप्रिलमध्ये मिनेसोटात 26 वर्षं नोकरी झालेल्या बाईने टेझर समजून पिस्तूल काढलं आणि वीस वर्षांचा मुलगा गेला. म्हणून टेझर पिस्तुलाच्या उलट्या बाजूला लावायला शिकवतात आणि तो काढायची हजार वेळा प्रॅक्टिस घेतात. भावाने त्या प्रॅक्टिसमध्ये जीव ओतावा.

वर्तकनगरची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री बोलले त्याच्याशी. आधी चिडला, म्हणाला तू बाबांसारखी बोलायला लागलीस. मी म्हटलं बाबा पण कंबरदुखी लपवूनच नोकरी करायचे, आई रात्री शेकत बसायची आणि आपण दोघं झोपल्याचं नाटक करायचो, तुझ्या मुलीलाही ते बघायला लावणार का. बराच वेळ काही बोलला नाही. आज सकाळी वहिनीचा फोन आला, त्याने स्वतः सांगितलं तिला. ती रडली पण मग लगेच कामाला लागली, शाम्पू आणि पिशव्या आणून ठेवल्यात.

इन्स्ट्रक्टरशी पण बोलला. स्प्रे घ्यायला हरकत नाही म्हणाले, टेझर डॉक्टरचा कागद आल्याशिवाय नाही, आणि पोटात गोळा आणणारं वाक्य म्हणजे मेडिकल फाईल परत बघावी लागेल. त्याचं काय होईल ते अजून कळलेलं नाही, जय, तुझी भीती अगदीच खोटी नव्हती. जुना एमआरआय इकडेच आहे, आईने आज लोखंडी कपाट उपसलं, बाबांच्या पेन्शनच्या कागदांखाली सापडला. फिल्म एकमेकींना चिकटल्यात, रिपोर्टचा कागद मात्र वाचता येतोय. सिस्टर, नुसता रिपोर्ट स्कॅन करून पाठवला तर चालेल का फिल्मचे पण फोटो काढू?

वाशीची_सिस्टर

दोन्ही पाठवा. फिल्म ओढून सोडवू नका, फाटतील, जिथे एमआरआय काढला तिथे नेऊन विचारा, जुना डेटा असला तर सीडी देतात. आणि रिपोर्टवरची तारीख फोटोत नीट येऊ दे, तिकडचे डॉक्टर आधी तेच बघतील.