ईसीजी नॉर्मल आला तरी

तुम्ही विचारलंय, लूमवर काम करताना छातीत दुखतं, ईसीजी नॉर्मल आला, तरी हार्ट अटॅकची भीती आहे का. त्यावर कुणीतरी लिहिलंय, 'पंचविशीत कसला हार्ट अटॅक, ईसीजी नॉर्मल ना, मग सोडून दे.' अर्धंच खरं आहे. ईसीजी त्या घडीचा असतो. अटॅकच्या सुरुवातीला तो साफ येऊ शकतो. म्हणून संशय असेल तर ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) रक्ततपासणी करतात आणि काही तासांनी परत करतात.

आता तुमचं दुखणं. छातीच्या मधल्या हाडाला बरगडी जुळते तिथे एका बोटाने दाबा. नेमकं तेच दुखणं उठलं, कूस बदलताना किंवा खोल श्वास घेताना टोचलं, तर बहुधा बरगडीच्या कूर्चेची सूज. लूमवर बीम (सुताचा जड रूळ) उचलणाऱ्यांत नवल नाही. रात्री अकराला शेंगाचटणी-भाकरी खाऊन लगेच आडवं झाल्यावर जळजळ होत असेल तर अ‍ॅसिडिटी. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा.

पण दाबल्यावर दुखतं म्हणजे हृदयाचा त्रास नाहीच असं नाही. छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, दम लागणं: सोडा पीत बसू नका, १०८ला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, स्वतः गाडी चालवत सिव्हिलला जाऊ नका. मावा-तंबाखू चालू असेल किंवा वडिलांना पंचावन्नच्या आत अटॅक आला असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा.